रक्तस्रावाआडचे अर्बुद

चालताबोलता माणूस एकाएकी कोसळतो, तोंड वाकडे होते, एक अंग लुळे पडते. घरची मंडळी मिळेल त्या वाहनात घालून त्याला रुग्णालयात नेतात आणि तेथे सीटी स्कॅन झाल्यावर सांगण्यात येते, की मेंदूत रक्तस्राव झाला आहे. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : रक्तदाब होता का? होता, असे उत्तर आले की कारण सापडल्याचे समाधान सर्वांनाच लाभते. नव्हता, असे उत्तर आले तरी 'कधी तपासलाच नसेल' असे म्हणून तेच कारण गृहीत धरले जाते. हा तर्क बहुसंख्य वेळा बरोबर ठरतो, हीच त्यातील खरी अडचण आहे. जो तर्क सहसा चुकत नाही, तो पुन्हा पडताळून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. ज्या थोड्या रुग्णांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांची चूक उघडकीस येण्यास कित्येक महिने जातात. तोपर्यंत रुग्णाची प्रकृती आणि कुटुंबाची शिल्लक या दोन्ही गोष्टी हाताबाहेर गेलेल्या असतात.

डोक्याला मार न लागता कवटीच्या आत होणाऱ्या रक्तस्रावांपैकी काही रक्तस्राव मेंदूतील अर्बुदामुळे होतात. त्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या आतच भरते. वाढलेला रक्तदाब आणि वृद्धापकाळी जीर्ण झालेल्या रक्तवाहिन्या हीच मोठी कारणे आहेत. तेव्हा रक्तस्राव झालेल्या प्रत्येकाच्या डोक्यात गाठ आहे, अशी भीती बाळगण्याचे काहीच कारण नाही. तथापि अर्बुदाच्या रुग्णांकडून पाहू गेल्यास चित्र थोडे वेगळे दिसते. अर्बुद आहे याची रुग्णाला, घरच्यांना वा डॉक्टरांना पूर्वी कसलीही कल्पना नसताना रक्तस्राव हेच त्या रोगाचे पहिले लक्षण ठरते, असे रुग्ण थोडे असले तरी नेहमी आढळतात. त्यांच्या बाबतीत 'पक्षाघात' हे निदान खोटे नसते. ते अपुरे असते.

अर्बुदातून रक्त का वाहते, याचा उलगडा गेल्या अर्धशतकात पुष्कळसा झाला आहे. अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये असा सिद्धान्त मांडला, की कोणतेही अर्बुद मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचे तर त्याला स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण कराव्या लागतात. आरंभी या विचाराची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे अशा वाहिन्यांची वाढ घडवून आणणारी द्रव्ये हाती लागली आणि फोकमन यांचे म्हणणे मान्य झाले. अर्बुदाने निर्माण केलेल्या या वाहिन्या शरीराच्या मूळ वाहिन्यांसारख्या नसतात. त्यांच्या भिंती पातळ, वेड्यावाकड्या व गळक्या असतात. शहराच्या कडेला नियोजनाविना वाढलेल्या वसाहतीत घाईने टाकलेल्या जलवाहिन्या दाब वाढताच जागोजाग फुटाव्यात, तशीच काहीशी ही स्थिती असते. त्यातच अर्बुदाची वाढ रक्तपुरवठ्याहून वेगाने झाली, की त्याचा मध्यभाग मृत होतो आणि त्या भागातील वाहिन्यांचा आधार सुटतो.

सर्वच अर्बुदे सारख्या प्रमाणात रक्त गाळत नाहीत. मेंदूच्या स्वतःच्या पेशींपासून उद्भवणाऱ्यांपैकी ग्लायोब्लास्टोमा हे अत्यंत आक्रमक अर्बुद या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. शरीरात अन्यत्र उद्भवून मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगांपैकी मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग, मूत्रपिंड व थायरॉइड ग्रंथी यांचे कर्करोग आणि गर्भवेष्टनाच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा यांच्या मेंदूतील गाठी विशेषेकरून रक्तस्राव करतात. मेलानोमा आपल्याकडे विरळा. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी त्या मानाने कमी रक्त गाळतात. पण मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगांत त्याचीच संख्या सर्वांत मोठी असल्याने रक्तस्राव घेऊन येणाऱ्या रुग्णांतही तो वारंवार भेटतो.

आता प्रश्न असा, की स्कॅन झाला असता अर्बुद दिसत कसे नाही? सीटी स्कॅनमध्ये ताजे रक्त पांढरे शुभ्र दिसते आणि त्या पांढऱ्या डागाखाली लहानशी गाठ सहज झाकली जाते. अनुभवी डॉक्टरांना काही गोष्टींवरून शंका येते. रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव सामान्यतः मेंदूच्या खोल भागात, मस्तिष्कस्तंभात किंवा लहान मेंदूत होतो. तो वरच्या भागात, अनपेक्षित जागी झाला असेल, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी झाला असेल, रुग्ण तरुण व रक्तदाब नसलेला असेल, किंवा रक्तस्राव ताजा असूनही भोवतालची सूज त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठी असेल, तर अर्बुदाची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. रक्तस्रावाच्या आधी काही आठवडे डोकेदुखी, फीट किंवा स्वभावातील बदल यांची तक्रार होती काय, हेही विचारावे लागते. परंतु शंका आली तरी तिचे निरसन त्याच दिवशी होईल असे नसते. शिरेतून औषध टोचून केलेल्या एमआरआयमध्येही ताज्या रक्ताच्या गर्दीत गाठ हुलकावणी देऊ शकते. म्हणून अशा रुग्णाची तपासणी सहा ते बारा आठवड्यांनी, गोठलेले रक्त बरेचसे शोषले गेल्यावर, पुन्हा करावयाची असते. साध्या रक्तस्रावाची जागा तोवर आकसते आणि तिच्याभोवती लोहाचा अंश असलेली काळी, सलग कडा उरते. अर्बुद असेल तर ती कडा तुटक राहते, सूज ओसरत नाही आणि आतली गाठ दिसू लागते.

हा प्रश्न इथपर्यंत वैद्यकाचा आहे. या सहा ते बारा आठवड्यांपाशी तो अर्थशास्त्राचा होतो.

ज्या यंत्राने हे सारे दिसू लागले, त्याचा इतिहासही या दृष्टीने आठवण्यासारखा आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात जगातील पहिला रुग्ण सीटी स्कॅनखाली गेला. ती एक स्त्री होती, तिला मेंदूत अर्बुद असल्याचा संशय होता आणि यंत्राने ते दाखवले. हे यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने ध्वनिमुद्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत तयार केले. त्याबद्दल १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांच्या नफ्यातून सीटी स्कॅन जन्मला, ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्यानेही त्या संशोधनात पैसा घातला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तत्पूर्वी मेंदूतील गाठ शोधण्यासाठी त्यातील द्रव काढून हवा भरत, किंवा मानेतील धमनीत औषध टोचून क्ष-किरण छायाचित्रे घेत. त्या तपासण्यांच्या यातना ज्यांनी पाहिल्या, त्यांना आजची सोय हा चमत्कारच वाटेल. भारतातही हा चमत्कार आता दुर्मिळ राहिलेला नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ मध्ये मोफत निदान सेवेचा उपक्रम सुरू झाला, त्यात जिल्हा रुग्णालयातील सीटी स्कॅनचा समावेश आहे. पहिल्या तपासणीची सोय अशा रीतीने होत आली. दुसऱ्या तपासणीचे काय?

आपल्या सर्व आरोग्य योजना रुग्णालयातील खाटेभोवती उभारलेल्या आहेत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस, रुग्णालयातील मुक्काम आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांपुरते. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना या बाबतीत काहीशी दूरदर्शी होती. तिच्या मूळ ९७१ उपचारांच्या यादीला १२१ पाठपुरावा उपचारांची जोड होती. तथापि तो पाठपुरावाही झालेल्या उपचाराचा असतो, न झालेल्या निदानाचा नव्हे. 'मेंदूतील रक्तस्राव' या शीर्षकाखाली दाखल झालेला रुग्ण दहाव्या-बाराव्या दिवशी घरी गेला, की योजनेच्या दृष्टीने ते प्रकरण मिटते. शासकीय कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्तीसुद्धा विहित आजारांच्या याद्यांभोवती आणि रुग्णालयातील वास्तव्याभोवतीच फिरते. रोगाची मुदत बारा आठवड्यांची आणि पैशाची मुदत पंधरा दिवसांची, असा हा हिशेब आहे.

त्याचा परिणाम प्रत्यक्षात काय होतो, हे समजण्यासाठी एखाद्या तालुक्याच्या गावातील चाळिशीचा कारकून डोळ्यांसमोर आणावा. तो कचेरीत कोसळतो. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा स्कॅन होतो. शहरातील रुग्णालयात त्याला दहा दिवस ठेवतात. उपचाराचे पैसे योजनेतून भागले असे मानले, तरी गाडीभाडे, सोबतच्या दोघांचे जेवणखाण, बाहेरून आणलेली औषधे आणि बुडालेली मजुरी किंवा बिनपगारी रजा हा खर्च योजनेत बसत नाही. घरी आल्यावर अंगातील ताकद हळूहळू परतू लागते. काठी घेऊन तो अंगणात चालतो, लोक भेटायला येतात, देवाला नारळ फोडला जातो. नेमक्या याच वेळी दुसऱ्या एमआरआयची तारीख येते. माणूस सुधारत असताना, हातात पैसा नसताना, शंभर किलोमीटर दूर जाऊन, खिशातून पैसे देऊन, 'काही नाही' असे उत्तर मिळण्याचीच शक्यता अधिक असलेली तपासणी कोण करून घेईल? ती न करण्याचा त्या कुटुंबाचा निर्णय अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे ठेवलेल्या किमती आणि शक्यता पाहता सुशिक्षित माणूसही तेच करील, आणि करतोही. तीन-चार महिन्यांनी फीट येते, पुन्हा अंग लुळे पडते, आणि 'दुसरा अटॅक आला' असे गावात बोलले जाते.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात वैद्यकीय सेवेचे वैशिष्ट्य सांगितले ते अनिश्चितता हे होय. आजार कधी येईल याची अनिश्चितता आणि उपचाराचा गुण येईल की नाही याची अनिश्चितता. रुग्ण डॉक्टरकडून मुख्यतः माहिती विकत घेत असतो, आणि त्या माहितीची किंमत ती हाती येण्यापूर्वी त्याला ठरवता येत नाही. या निबंधाला साठ वर्षे होऊन गेली. आरोग्य अर्थशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात तो शिकवला जातो, विद्यार्थी त्यावर टिपा लिहितात. आणि तरीही आपल्या योजना आखणाऱ्यांनी उपचाराला दर लावला, शंकेच्या निरसनाला लावला नाही. शस्त्रक्रिया मोजता येते, खाट मोजता येते. म्हणून त्यांचे दरपत्रक निघाले.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये शेकडा ६४.२ होता, तो २०२१-२२ मध्ये शेकडा ३९.४ वर आला. ही सुधारणा लहान नाही. मात्र या आकड्याने एक गोष्ट झाकली जाते. जी तपासणी परवडत नाही म्हणून केलीच गेली नाही, तिचा खर्च कोणत्याच लेख्यात दिसत नाही. दुसरा एमआरआय टाळणारे कुटुंब आकडेवारीत खर्चातून वाचलेले कुटुंब म्हणून जमा होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. ग्लायोब्लास्टोमासारखा रोग असेल तर तो दोन महिने आधी कळून लाभ काय? शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे असे सर्व करूनही निम्मे रुग्ण सुमारे पंधरा महिन्यांपलीकडे जात नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीने आजची उपचारपद्धती रूढ केली, तिच्यात औषधाच्या जोडीने आयुष्याचे मध्यमान बारा महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांवर गेले. अडीच महिन्यांसाठी गरीब देशाने एवढा खर्च करावा काय, असे विचारणाऱ्याला निर्दय ठरवून चालणार नाही. साधनसंपत्ती मर्यादित आहे, आणि त्याच पैशात बालकांचे लसीकरण किंवा रक्तदाबाच्या गोळ्या येतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तर रक्तस्राव होण्याचेच टळते, आणि जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात त्यांचा हक्क पहिला आहे, हे निःशंकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु हा आक्षेप रक्तस्रावाआडचे प्रत्येक अर्बुद ग्लायोब्लास्टोमाच असते असे धरून चालतो. तसे नसते. कोरिओकार्सिनोमाचेच उदाहरण घ्यावे. प्रसूतीनंतर, गर्भपातानंतर किंवा द्राक्षगर्भानंतर तरुण स्त्रीला हा कर्करोग होतो, मेंदूत पसरतो आणि रक्तस्रावाच्या रूपाने प्रकट होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्‌झ यांनी १९५६ मध्ये मेथोट्रेक्सेट या औषधाने तो बरा करून दाखवला. शरीरभर पसरलेला घन कर्करोग केवळ औषधाने बरा होण्याचे ते पहिले उदाहरण मानले जाते. आज तो पसरलेल्या अवस्थेतही बहुधा बरा होतो. मेंदूत पोहोचल्यावर धोका वाढतो, पण तेव्हाही पुष्कळ स्त्रिया वाचतात. आणि तो ओळखण्याची पहिली तपासणी कोणती? गर्भधारणा ओळखण्यासाठी जी करतात तीच, रक्तातील किंवा लघवीतील संप्रेरकाची. प्रजननक्षम वयातील स्त्रीला मेंदूत रक्तस्राव झाला आणि कारण सापडत नसेल, तर ही तपासणी करण्यास कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. मूल झाल्यानंतर काही महिन्यांत 'वारे गेले' म्हणून दगावलेल्या बायकांच्या कथा जुन्या घरांतून ऐकू येतात. त्यांतल्या किती जणींची अशी तपासणी झाली असती तर निराळे निघाले असते, हे आता सांगता येणार नाही.

पीयूषिका ग्रंथीच्या अर्बुदाचीही गोष्ट तशीच आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या या लहानशा ग्रंथीची गाठ सहसा कर्करोगाची नसते. ती वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहते आणि एक दिवस अचानक तिच्यात रक्त उतरते. असह्य डोकेदुखी, उलट्या, दृष्टी अंधूक होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे ही त्याची लक्षणे. १८९८ मध्ये अमेरिकेत पिअर्स बेली यांनी असा रुग्ण नोंदवला, १९५० मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव मिळाले. तरी आजही ती अर्धशिशी किंवा मेंदुज्वर समजली जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णाचा जीव सर्वप्रथम धोक्यात येतो तो शरीराला आवश्यक असे कॉर्टिसोल हे संप्रेरक एकाएकी तुटल्याने, आणि त्यावर हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन हा तातडीचा उपाय आहे. ते सहज मिळणारे औषध आहे. उणीव असते ती शंका येण्याची.

ज्या रोगाला खरोखर उपाय नाही, त्याच्या बाबतीतही निदानाला मोल नाही असे म्हणता येत नाही. पक्षाघात झाला आहे, व्यायामाने सुधारेल, अशा समजुतीने कुटुंब मालिश करणाऱ्याकडे, मांत्रिकाकडे, दूरच्या औषधवाल्याकडे पैसे घालत राहते. शेताचा तुकडा विकते. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे परगावचे रुग्ण उतरतात. कर्करोगाच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या परिसरात नातेवाइकांचे बोलणे घटकाभर ऐकले तर खर्च कुठे झाला यापेक्षा आधीचे दिवस कुठे गेले याचाच हिशेब अधिक ऐकू येतो. पंधरा महिनेच हाती आहेत हे वेळेवर कळले, तर त्यांतील पैसा आणि वेळ कशावर घालवावा हे निदान त्या घराला ठरवता येते. मुलीची परीक्षा, घराचे कर्ज, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांचा विचार पतीपत्नी मिळून करू शकतात. रोगी शुद्धीत आणि बोलता असेपर्यंतच हे शक्य असते.

करावयाचे आहे ते अवाढव्य नाही. रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णाचा दुसरा एमआरआय करा, असे कोणीही म्हणणार नाही. साठीतील, जुना रक्तदाब असलेल्या, नेहमीच्या जागी रक्तस्राव झालेल्या रुग्णाला तो सहसा लागत नाही. वर सांगितलेल्या खुणा ज्यांच्यात आहेत त्यांच्यापुरता, रक्तस्रावाच्या दरातच बारा आठवड्यांच्या आतील एका तपासणीचा खर्च समाविष्ट करावा आणि तो रुग्णालयाला तपासणी झाल्यावरच द्यावा. म्हणजे रुग्णाला परत बोलावण्यात रुग्णालयाचेही हित राहील. शस्त्रक्रिया करून गोठलेले रक्त काढले असेल तर ते आणि त्या पोकळीच्या भिंतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे दरपत्रकात अनिवार्य करावे. काढलेली गुठळी बादलीत जाणे हा निष्काळजीपणा आहे, मग ते रुग्णालय सरकारी असो वा खासगी. प्रवासखर्चाची तरतूदही लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा अडीचपर्यंत नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो शेकडा १.८४ होता. या दोन आकड्यांमधील अंतरात असल्या लहान तरतुदी सहज मावतात.

आणि एक गोष्ट अशी, की तिला पैसाही लागत नाही. रुग्णाला घरी सोडताना जे कार्ड हाती देतात, त्याच्या तळाशी औषधांच्या यादीखाली बहुधा एक ओळ इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलेली असते : सहा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय. घरचे ते कार्ड बिलांबरोबर पिशवीत घालून खुंटीला अडकवतात. ती ओळ मराठीत, तारखेसह आणि कारणासह लिहून, घरातील कर्त्या माणसाला एकदा वाचून दाखवणे एवढे काम कोणत्याही वॉर्डातील परिचारिकेला दोन मिनिटांचे आहे.